विंध्यगिरीच्या पायऱ्या आणि मनातला भाव

कर्नाटकातील हासन जिल्ह्यात दोन खडकाळ टेकड्यांच्या मध्ये श्रवणबेळगोळ वसले आहे. एक विंध्यगिरी, दुसरी चंद्रगिरी. मध्ये पायऱ्यांनी बांधलेले तळे. ‘बेळगोळ’ म्हणजे पांढरे तळे, त्यावरूनच गावाचे नाव पडले. सांगली-कोल्हापूरकडील श्रावकांच्या गाड्या रात्रभर प्रवास करून पहाटे येथे पोहोचतात. स्नान आटोपून, पादत्राणे पायथ्याशी ठेवून यात्रेकरू विंध्यगिरी चढू लागतात. खडकात कोरलेल्या पायऱ्या सहाशेहून अधिक आहेत. सकाळी गार असणारा हा दगड दुपारी असा तापतो की पायथ्याशी मोजे विकत घ्यावे लागतात.

या पायऱ्यांवर यात्रेकरू नीट पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. चढ सर्वांना सारखा, दगड तोच. परंतु प्रत्येकाची यात्रा निराळी. कोणी पायऱ्या मोजतो, कोणी णमोकार म्हणतो. कोणी मध्येच थांबून दुकानातल्या मुनिमाला फोनवर भाव विचारतो; त्याचे पाय विंध्यगिरीवर असतात, उपयोग मात्र पेढीवर. डोलीत बसलेली वृद्धा डोळे मिटून वर पोहोचण्याआधीच दर्शन घेत असते. जैन दर्शनाने ‘उपयोग’ हे जीवाचे लक्षण मानले आहे. पाहण्याकडे आणि जाणण्याकडे वळलेली चेतना जिथे लागते, तिथेच जीव खऱ्या अर्थाने वावरतो.

माथ्यावर, प्राकाराच्या आत, एकाच पाषाणातून कोरलेली सुमारे ५७ फूट उंचीची बाहुबलींची उत्तराभिमुख मूर्ती उभी आहे. गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चामुंडराय याने ती दहाव्या शतकाच्या अखेरीस घडवून घेतली. प्रतिष्ठेचे वर्ष सामान्यतः इ. स. ९८१ मानतात. पायांशी वारुळे, मांड्यांवरून दंडांपर्यंत चढत गेलेल्या वेली, आणि मुखावर मंद स्मित. मराठी माणसाचे पाऊल येथे आणखी एका कारणाने थबकते. चरणांजवळ नागरी लिपीत कोरलेली ओळ, चामुंडरायाने हे करविले असे सांगणारी, मराठीच्या अतिप्राचीन शिलालेखांत गणली जाते.

वेली अंगावर चढेपर्यंत वर्षभर निश्चल उभ्या राहिलेल्या या तपस्व्यालाही केवलज्ञान लगेच झाले नाही. दिगंबर परंपरा सांगते की आपल्यामुळे भरताला क्लेश झाला, ही बोच त्यांच्या मनात राहिली होती. भरताने येऊन पूजा केली आणि ती निमाली. श्वेतांबर परंपरेत आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, हा अभिमान आड आला. ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनींनी हत्तीवरून खाली उतरण्यास सांगितले, तेव्हा तो गळाला. कथा दोन, बोध एकच. देहाच्या तपात काहीच उणे नव्हते. अडले होते ते एका सूक्ष्म भावापाशी.

प्राकाराच्या दाराबाहेर, बाहुबलींकडे मुख करून, एका वृद्धेची लहानशी मूर्ती उभी आहे: गुळ्ळकायज्जी. घाईतले यात्रेकरू तिच्याकडे न पाहताच पुढे जातात. लोककथा अशी की चामुंडरायाने मोठ्या थाटाने दुधाचा अभिषेक आरंभिला, पण घड्यांमागून घडे रिते झाले तरी दूध चरणांपर्यंत उतरेना. तेव्हा एक गरीब म्हातारी फळाच्या पोकळ कवचातून चुळकाभर दूध घेऊन आली. तेवढ्याने सर्वांग न्हाले आणि धार टेकडी उतरून तळ्याला मिळाली. ती म्हातारी म्हणजे कूष्मांडिनी देवी, असे सांगतात. चामुंडरायाला उमगले की मूर्ती उभारता उभारता मनात ‘मी’ही उभा राहिला होता.

दान देणाऱ्या व्यापारी समाजासाठी ही कथा जरा बोचरी आहे. बारा वर्षांनी होणाऱ्या महामस्तकाभिषेकात कलशांचा मान मिळावा म्हणून श्रावक मोठ्या रकमा अर्पण करतात. त्यातून तीर्थाची व्यवस्था चालते, हेही खरे. कथा दानाला नावे ठेवीत नाही. चामुंडराय नसता तर ही मूर्तीच नसती. ती एवढेच विचारते की कलश ओततेवेळी दृष्टी बाहुबलींच्या चरणांवर असते, की आपले नाव पुकारले गेले का, याकडे कान लागलेले असतात?

जैन परंपरेत एक जुना दृष्टांत आहे. शेत नांगरताना शेतकऱ्याच्या हातून जीव मरतात, पण मारण्याचा त्याचा संकल्प नसतो. कोळी दिवसभर जाळे टाकून रिकाम्या हाताने परतला, तरी हिंसेचा भाव त्याच्याजवळ राहतोच. मात्र याचा सोयीचा अर्थ काढता येत नाही. ‘माझ्या मनात वाईट नव्हते’ असे म्हणून वजनकाटा न तपासणारा दुकानदार सुटत नाही, कारण आचार्यांनी हिंसेच्या मुळाशी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, सांगितला आहे. शुद्ध भाव म्हणजे नुसती सदिच्छा नव्हे. त्यात जागरूकता आलीच. पाणी गाळून पिणे, दिवा झाकणे, पायाखाली पाहून चालणे, माप पुरे देणे, या सर्व त्या जागरूकतेच्या रोजच्या सवयी आहेत.

विंध्यगिरी उतरल्यावर बहुतेक गाड्या पुढच्या तीर्थाकडे निघतात. ज्यांना वेळ काढता येतो, ते समोरची लहान टेकडी, चंद्रगिरी, चढतात. परंपरेनुसार श्रुतकेवली भद्रबाहू आणि त्यांचा शिष्य सम्राट चंद्रगुप्त यांनी येथे देह ठेवला. खडकावर जागोजागी सल्लेखनेचे लेख कोरलेले आहेत. त्यांतील सर्वांत जुना इ. स. ६०० च्या सुमाराचा. राज्य किती होते, धन किती होते, याची गणती या लेखांचा विषय नाही. शेवटच्या क्षणी परिणाम स्थिर राहिले, हीच त्यांत नोंदण्याजोगी गोष्ट ठरली.

चंद्रगिरीवरून पलीकडच्या माथ्यावरील बाहुबलींचे मस्तक प्राकाराच्या वर दिसते. तेथे गर्दी नसते, घाई नसते. तीर्थयात्रेस निघणाऱ्या कुटुंबांनी या टेकडीसाठी एक प्रहर राखून ठेवावा, मुलांना खडकावरील ती अक्षरे दाखवावीत आणि थोडा वेळ फोन बंद ठेवून स्वस्थ बसावे. घरी परतल्यावर दुकानाचे कुलूप उघडताना त्यातले थोडे स्वस्थपण हाताशी उरले, तर यात्रा सफल झाली असे समजण्यास हरकत नाही.