मोत्याचे कान

मराठी भाषेने कानांना फारसा मान दिलेला नाही. कान फुंकले जातात, कान पिळले जातात. परंतु कान ही निरखून पाहण्याजोगी वस्तू आहे, हे मला निवृत्तीनंतर एका कुत्र्याच्या पिल्लाने शिकविले.

कार्तिकात आमच्या परसातील सरपणाच्या खोलीत एका गावठी कुत्रीने चार पिल्ले घातली. त्यांतले तांबूस पिल्लू माझ्या नातीने, सुमीने, आपले म्हणून निवडले व त्याचे नाव मोत्या ठेवले. जन्मतः पिल्लाचे डोळे जसे मिटलेले, तसे कानही बंद असतात. आई भुंकली काय आणि भांडी आपटली काय, त्याला सारखेच! डोळे दुसऱ्या आठवड्यात उघडले. कानांची वाट मोकळी व्हावयास तिसरा आठवडा उजाडला. त्या दिवशी माझ्या हातून तांब्या निसटला आणि मोत्या जन्मात पहिल्यांदा दचकला. सुमीने एका वहीत तारीख टिपून घेतली. ती वही पुढे आठ महिने चालली.

चौथ्या महिन्यापर्यंत त्याचे कान पाकिटाच्या झाकणासारखे पुढे दुमडलेले होते. मग एका सकाळी उजवा उभा राहिला, आठ दिवसांनी डावा. सुमीच्या आनंदाला पारावार उरला नाही. पण फाल्गुन सरता सरता दोन्ही पुन्हा कोसळले. पुढे तर रोज नवे सोंग! कधी दोन्ही कान माथ्यावर एकमेकांना टेकलेले, कधी एक आभाळाकडे व दुसरा जमिनीकडे, तर कधी दोन्ही विमानाच्या पंखांसारखे आडवे.

याच सुमारास तो दिसेल ते चावू लागला. वहाणा, छत्रीची मूठ, माझ्या मोल्सवर्थच्या कोशाची पाठ, कशाचीच सुटका नव्हती. एकदा गोणपाटावर सुमीला तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास ४२ पक्के दात पुरे होतात.

शेजारच्या एका गृहस्थांकडे उंची जातीचा कुत्रा होता. ते म्हणाले, "रक्तच हिणकस. हे कान आपणहून उभे राहावयाचे नाहीत. चिकटपट्टीने बांधा, कॅल्शियमच्या गोळ्या द्या. नाहीतर द्या वेशीबाहेर सोडून!" मोठ्यांचे बोलणे मुलांना फार लवकर खरे वाटते. दोन दिवस सुमीने मोत्याला हाक मारली नाही. वहीतही काही लिहिले नाही. मोत्याच्या पडलेल्या कानांपेक्षा मला त्या कोऱ्या पानांची अधिक काळजी वाटली.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कान आतून पाहिले. मळ नव्हता, सूज नव्हती, दुर्गंधी नव्हती. मग ते सुमीला म्हणाले, "कानाच्या पाळीत हाड नसते, कूर्चा असते. ती हळूहळू घट्ट होते. दात येण्याच्या दिवसांत उभे कान पडतात, असे पुष्कळदा दिसते. गोळ्या मात्र मनाने देऊ नकोस. जादा कॅल्शियमने वाढती हाडे बिघडतात."

"आणि कान उभे राहिलेच नाहीत तर?"

"तर पडलेल्या कानांनी ऐकेल!"

परतताना मला आवाज फुटण्याच्या वयातली आठवीची मुले आठवली. कवितेचे पहिले कडवे बापाच्या आवाजात, दुसरे आईच्या!

त्या रात्री मी सुमीला आणखी एक गोष्ट सांगितली. पाळीव प्राण्यांपैकी प्रत्येकाचे कान कोणत्या ना कोणत्या देशात लोंबते आढळतात, अशी नोंद चार्ल्स डार्विनने १८५९ साली केली होती. पुढे सोव्हिएत रशियात नोव्होसिबिर्स्क येथे १९५९ पासून बेल्यायेव या शास्त्रज्ञाने माणसाला न भिणारे कोल्हे निवडून त्यांचीच पैदास केली, तेव्हा काही पिल्लांचे कान नेहमीपेक्षा अधिक काळ लोंबते राहू लागले.

"म्हणजे मोत्या आपल्याला भीत नाही, म्हणून?" तिने विचारले.

इतका सरळ हिशेब शास्त्र मांडीत नाही, हे मी सांगू लागलो. पण तोवर ती वही शोधावयास उठली होती.

आषाढातली तिची शेवटची नोंद अशी आहे : "दात पुरे झाले. उजवा कान उभा. डाव्याचे टोक खाली. हाक मारली, लगेच आला."