कचेरी रविवारी बंद असते

मुळशीला जाणारा पुणेकर बहुधा रविवारीच जातो. भूगाव-पिरंगुटची कोंडी एकदा मागे टाकली की कुणी ताम्हिणीच्या धबधब्यांकडे, कुणी धरणाच्या काठावर भजी खायला, तर कुणी आपल्या शेतघराला अजून कुलूप आहे ना ते बघायला पुढे जातं. ह्या गर्दीत एखादी मिनीबस असते. पुढच्या काचेला देवाचा फोटो, मागच्या सीटवर साड्यांची गाठोडी, वह्यांचे गठ्ठे, फराळाचे डबे आणि पेटी-तबला. ती बस आमची. कोथरूडचं आमचं सत्संग मंडळ मुळशी खोऱ्यातल्या एका कातकरी वाडीवर सेवेला जातं, सहकुटुंब. सासूबाई ड्रायव्हरच्या मागे, नवरा डग्गा मांडीवर घेऊन, मुलगी कानात इअरफोन घालून शेवटच्या रांगेत. पौड येईपर्यंत हरिपाठ होतो. पुढे रस्ता वळणावळणाचा, त्यामुळे हरिपाठ थांबतो आणि ओव्याची पुडी फिरायला लागते.

मंडळी चांगली आहेत, हे आधीच सांगून टाकते. साड्या धुऊन, इस्त्री करून नेल्या जातात. कुणी विटकं-फाटकं आणलं तर आमच्या अध्यक्षबाई ते तोंडावर परत करतात. चकल्या विकतच्या नसतात. वाडीवर गेल्यावर शहरी शहाणपण शिकवायचं नाही, असाही नियम आहे आणि तो निम्मे लोक पाळतात.

वाडी धरणाच्या पाण्यापासून जरा वर आहे. कुडाच्या भिंती, काही घरांवर सिमेंटचे पत्रे, बाकीच्यांवर निळं प्लास्टिक. घरं ह्यांची, खालची जमीन दुसऱ्याची, म्हणजे मालकाच्या मनात आलं तर उठायचं. खैराच्या लाकडाचा कात काढणं हा ह्या लोकांचा जुना धंदा. जंगल राखीव झालं, तसा तो बसला. इंग्रजांनी तर त्यांना गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली घातलं. आता सरकारदरबारी कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी ही महाराष्ट्रातली आदिम जमात. नोव्हेंबर २०२३मध्ये पंतप्रधान जनमन योजना आली, ती देशातल्या अशाच ७५ जमातींसाठी. तीत पक्कं घर मिळतं. मात्र घराला जागा लागते आणि जागेला कागद लागतो.

कातकऱ्याचं वर्ष कसं चालतं, हे मला वाडीवर बसून थोडंथोडं कळत गेलं. पाऊस लागला की भातलावणी. मुळशीचं आंबेमोहोर, इंद्रायणी आपण कौतुकाने खातो, त्याची रोपं चिखलात वाकून लावणारे अनेक हात ह्या वाड्यांमधले. लावणी संपली की मजुरी संपली. मग श्रावण-भादव्याचे दिवस सगळ्यांत वाईट: रेशनचा तांदूळ, ओढ्यातले मासे, खेकडे, रानभाज्या आणि दुकानदाराची उधारी. त्याच दिवसांत वीटभट्टीचा किंवा कोळशाच्या भट्टीचा मुकादम येतो आणि हातावर उचल ठेवतो. दिवाळी झाली की ट्रक येतो. भांडी, कोंबड्या, पोरं सगळं ट्रकात चढतं. पोरांची शाळा बुडते ती तिथून. उचल फिटते की नाही हे मुकादमाच्या वहीला ठाऊक, पण अक्षय तृतीयेच्या मागेपुढे, वळवाच्या आधी, माणसं परत वाडीवर येतात.

आता आमचं वर्ष. श्रावण-भादवा आम्हाला जमत नाही: रस्ता निसरडा, दरडींची भीती, त्यात मंगळागौरी आणि गणपती. आमचा मुख्य कार्यक्रम दिवाळीचा. पण आपापल्या घरची दिवाळी, पाडवा, भाऊबीज उरकल्याशिवाय कोण निघणार? म्हणून त्यानंतरचा पहिला रविवार. तोवर ट्रक येऊन गेलेला असतो. उरलेली म्हातारी माणसं, एखादी ओली बाळंतीण आणि कुत्री आमचं भजन ऐकतात. डबे उरतात. मग माणशी दोन-दोन डबे देऊन आम्ही समाधानाने परततो. दुसरा कार्यक्रम जूनमधला, वह्या-दप्तरांचा, तो बरा जमतो, कारण तेव्हा माणसं भट्टीवरून आलेली असतात. पण तो जूनमध्ये असतो तो शाळेमुळे, वाडीचा विचार करून नव्हे.

ही तऱ्हा काही आमचीच नाही. माझा मामेभाऊ अमेरिकेत आहे. त्याच्या शेजारचं कुटुंब मार्चच्या सुट्टीत चर्चच्या गटाबरोबर ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात जातं, मायन लोकांच्या वस्त्यांवर. आई-बाप, मुलं, झालंच तर आजी. दिवसा सिमेंटच्या विटांची घरं बांधायची, धुराडं असलेल्या चुली बसवायच्या, संध्याकाळी प्रार्थना. फोटो पाहिले तर ओळखीचेच वाटले, फक्त साड्यांच्या जागी विणलेले रंगीत झगे. त्या कुटुंबाला एक गोष्ट खटकली होती: घरात बायका-पोरं भेटली, बाप्ये फारसे दिसले नाहीत. दिसतील कसे? तिकडेही नोव्हेंबरपासून ऊसतोडीचा हंगाम असतो, डोंगरातले मायन मजूर पॅसिफिक किनाऱ्याकडच्या मळ्यांवर उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राबतात. बीडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. ज्यांच्यासाठी चूल बांधायला विमानाने जायचं, ते घरी कधी असतात, ही चौकशी निघण्यापूर्वी करायला काय हरकत होती? पण मुलांच्या शाळेला सुट्टी मार्चमध्येच असते.

मला वाटतं, सेवेत आपण पैसा देतो, घाम देतो, क्वचित जीवही लावतो. वार तेवढा आपला राखून ठेवतो.

गंमत अशी की आपल्या परंपरेला ही सवय नव्हती. आषाढी वारी निघते ती पेरण्यांच्या ऐन घाईत. एकादशी बुधवारी आली तर बुधवारी. देवाने दिवस ठरवायचा आणि माणसाने आपली कामं त्याभोवती लावायची, ह्यातच त्या व्रताचा कस होता. आता आमच्या मंडळाची एकादशीसुद्धा ‘जवळच्या रविवारी’ साजरी होते. सत्यनारायणाचं तर विचारूच नका.

ह्याच मुळशीत एक मोठं काम तिथी धरून सुरू झालं होतं. टाटा कंपनीच्या धरणाखाली मुळा-निळेच्या खोऱ्यातली ५२ गावं जाणार म्हणून मावळे उठले, तो दिवस १६ एप्रिल १९२१, रामनवमी. जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हणून राजेंद्र व्होरांनी त्याच्यावर पुस्तक लिहिलं आहे. पांडुरंग महादेव बापट ह्या पारनेरच्या माणसाला ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती इथेच. हेच बापट त्याआधी पारनेरला हातात झाडू घेऊन रस्ते झाडत असत. मुळशीत ते आले ते दिवसभराच्या भेटीला नव्हे. तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा आले, पुन्हा गेले. पुण्यात राहणारे जमीनमालक-सावकार अखेर मोबदल्याकडे वळले, लढा ओसरला, धरण झालं. आज त्या पाण्यावर घाटाखाली भिऱ्याला वीज होते आणि आमची बस त्या पाण्याच्या कडेकडेने जाते. बसमध्ये हा विषय मी एकदा काढला. ‘अगं, भजनाच्या वेळी कुठे हे,’ असं उत्तर आलं.

ताम्हिणी उतरून पलीकडे गेलं की कोलाडच्या पुढे रोहा. सेवेची निराळी तऱ्हा घालून देणारे, स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले तिथले, जन्म १९२०चा. त्यांच्या स्वाध्यायींची भक्तिफेरी माझ्या माहेरी मी लहानपणी पाहिली आहे. पदरचं भाडं खर्चून यायचं, शिदोरी आपली आपण आणायची, यजमानाच्या घरचं काही घ्यायचं नाही आणि द्यायचंही काही नाही. घरोघर जायचं, बसायचं, बोलायचं. तेव्हा मला ते अगदीच कोरडं वाटलं होतं. रिकाम्या हाताने कसली सेवा? वाडीवर जायला लागल्यापासून त्यातली एक गोष्ट पटू लागली आहे. हातात वस्तू नसली की समोर रांग लागत नाही. रांग लागली की माणसाचा चेहरा बदलतो, घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचाही. आमच्या वाटपात मी यादीवर खुणा करण्याचं काम घेते, त्यामुळे हे मला जवळून दिसतं. म्हणून काही देऊच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. श्रावणातल्या उपाशी घराला नुसतं जाऊन भेटणं मला जमायचं नाही.

मुलांना नेण्यामागे सगळ्या आयांचं एकच म्हणणं असतं: जाणीव व्हायला हवी. आपल्याकडे किती आहे ते कळावं. मला ह्याची चीड येते. दुसऱ्याचं दारिद्र्य काय आपल्या पोरांच्या शिकवणीसाठी मांडून ठेवलंय? मुलं मात्र असलं काही शिकत नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं. माझी मुलगी तिथल्या एका पोरीबरोबर ओढ्यात उतरते. दगड कसा उचलायचा, खेकडा नांगी उगारून मागे सरकतो तेव्हा त्याच्या पाठीवर मागून बोट कसं दाबायचं, मग दोन्ही नांग्या एका चिमटीत कशा धरायच्या, हे त्या पोरीने तिला दाखवलं. ती पोर आमच्या लेकीपेक्षा लहान, पण ‘आगं, म्होरनं नको, मागनं धर,’ असं खडसावत होती. घरी आल्यावर लेकीला जाणीव वगैरे काही झालेली दिसली नाही. बोट सुजलं होतं आणि ती पुन्हा जायचं म्हणत होती.

मोठ्यांची गोष्ट निराळी. मागच्या खेपेला भजन चालू असताना एका आजीने मला खुणेने आत बोलावलं. वाशात खोचलेली दुधाची पिशवी काढली. तिच्यात घडी घालून घालून चिरलेलं रेशनकार्ड, आधार, कसलीशी पावती आणि नातवाचा शाळेतला कागद. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. वाडीत निम्म्यांचा वाढदिवस १ जानेवारीला येतो. आजीचं आडनाव एका कागदावर पवार, दुसऱ्यावर वाघमारे. नातवाला वसतिगृहात घालायचं होतं, त्याला जातीचा दाखला हवा होता. मी म्हटलं, ‘आजी, पौडला जाऊन अर्ज करायला हवा.’

ती म्हणाली, ‘तुमी येता आईतवारी. आईतवारी कचेरी बंद आस्ती.’

टोमणा नव्हता तो. ती आपली सांगत होती. बाकी वारी तिला रोज सोडून जायचं तर चूल पेटत नाही, आणि गेलीच तर खिडकीवरचा माणूस काय विचारतो ते तिला कळत नाही. विचारतो ते असं: ६ सप्टेंबर १९५०च्या आधी तुमचं कुटुंब कुठे राहत होतं त्याचा पुरावा द्या. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात ही तारीख धरतात. हंगामागे फिरणाऱ्या, शाळेची पायरी न चढलेल्या आजोबा-पणजोबांचा कागद कुठून आणायचा? जन्मनोंद नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही, सातबारावर नाव नाही. मग गृहचौकशी, जबाब, पंचनामा. आदिवासी विभागाचं प्रकल्प कार्यालय तर घोडेगावला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आंबेगाव तालुक्यात. आपल्यापैकी कुणाचंही हे काम असतं तर आपण एजंटला पैसे चारून मोकळे झालो असतो.

आमच्या मंडळात एक काका आहेत, महसूल खात्यातून निवृत्त झालेले. भजनात त्यांचा सूर लागत नाही, टाळही चुकतो, म्हणून त्यांना चपला सांभाळायला बसवतात. आजीची पिशवी मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकेक कागद उन्हात धरला आणि नातवाचा शाळेतला कागद बाजूला काढला. ‘ह्याच्या बापाची किंवा चुलत्याची शाळेत नोंद असेल तर बघू. आत्या कुणी शाळेत गेली होती का, आठवा.’ एक आत्या निघाली, ती आश्रमशाळेत दोन-तीन इयत्ता शिकलेली. काकांनी नाव, गाव, अंदाजे साल डायरीत लिहून घेतलं.

पुढच्या मंगळवारी ते एसटीने पौडला गेले. साहेब दौऱ्यावर होते. गुरुवारी गेले, तेव्हा सर्व्हर डाऊन. मग आश्रमशाळा. मुख्याध्यापकांनी जुनं रजिस्टर माळ्यावरून काढायला लावलं आणि वाळवीने खाल्लेल्या पानांत आत्याचं नाव सापडलं, जातीच्या रकान्यासकट. आता आडनावाचा घोळ निस्तरायचा आहे. दाखला अजून मिळालेला नाही. पण वाडीतल्या आणखी काही घरांनी आपापल्या पिशव्या वाशातून काढल्या आहेत आणि काकांना फोन येतात, तेही भर दुपारी, झोपेच्या वेळी. काकू वैतागल्या आहेत. मी माझ्या बँकेतून एक रजा टाकून त्यांच्याबरोबर जाऊन आले. नवऱ्याला म्हटलं, तूही टाक. तो म्हणाला, मार्चअखेर होऊ दे.

मंडळाच्या वार्षिक सभेत हिशोब वाचला गेला. वाहनखर्च, प्रसाद, साहित्यवाटप, पेटीची दुरुस्ती. शेवटी काकांनी दिलेल्या चिठ्ठ्या निघाल्या: झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, एसटीची तिकिटं, आजी आणि तिच्या सुनेचा पौडचा चहा-नाश्ता. खजिनदारांनी विचारलं, हे कुठल्या खात्यात टाकायचं? ‘सेवा’ हे खातं वाटपासाठी, तिथे बसत नाही. ‘प्रवास’ म्हणावं तर तो फक्त मंडळाच्या बसचा. बराच वेळ काथ्याकूट झाला. अध्यक्षबाई म्हणाल्या, नवीन खातं उघडा. त्यावर कुणीतरी म्हणालं, नवीन खातं म्हणजे दर वर्षी तरतूद आली. शेवटी सर्वानुमते तो खर्च ‘किरकोळ’मध्ये दाखवला. काका सभेला आले नव्हते. बुधवार होता, ते पौडला गेले होते.