गॅरेजमधलं विमान

दादा अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधतोय. खेळण्यातलं नाही बॉस, चार सीट्सचं आरव्ही-१०! निम्म्याहून जास्त काम हौशी मंडळींनी स्वतः केलेलं असलं, की तिथे अशा विमानाला परवानगी मिळते. सहा वर्षांच्या पुतणीकडे क्लेकोचं खातं. म्हणजे पत्रे तात्पुरते जोडणाऱ्या स्प्रिंगच्या पिना. पत्र्याच्या धारदार कडा दादा आधी घासून ठेवतो. गॉगलशिवाय एन्ट्री नाही. ड्रिल किंवा प्रायमर निघाला, की तिची रवानगी वहिनीकडे. "आत्या, हात धुतलेस?" खाण्याआधी ती मलाच दटावते.

परवा दोघांनी मिळून दाबलेल्या रिव्हेटवर दादाने मार्करने फुली मारली. वाकडा बसला होता. तिचे डोळे भरले. म्हटलं, जाऊ दे ना, एकच तर आहे! दादा ऐकेना. "पिल्लू, यात आपणच बसणार ना?"

तिने नाक पुसलं आणि डबीतून नवा रिव्हेट काढून दिला.