रोख कुणाच्या सोयीची?

नागपूर

चि. मनू,


पारशिवनी तालुक्यातल्या आपल्या जमिनीबद्दल तू सरळच विचारलंस. गिऱ्हाईक रोख द्यायला तयार आहे, आठ दिवसांत रजिस्ट्री लावतो म्हणतं, जमीन वर्षानुवर्षं पडीक आहे, मग अडलंय कुठं? प्रश्न रास्त आहे. तुमच्याकडे अमेरिकेत रिकामी जमीन घेणाऱ्या कंपन्या मालकाला पत्र पाठवतात आणि थोड्याच दिवसांत सौदा उरकतात, हे मला ठाऊक आहे. फक्त तिथं पैसे बँकेतूनच येतात, गिऱ्हाइकानं कर्ज काढलेलं नसतं इतकंच. इथं आठ दिवस म्हणजे थैलीतल्या नोटा. आधीच सांगतो, मी विकायच्या विरोधात नाही. काळ्या आईचा उमाळा वगैरे काही नाही, कसत नसलेल्या जमिनीवर हक्क सांगत बसण्यात मला मोठेपणा दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या व्यवहारात रोखीची गरज त्या गिऱ्हाइकाला आहे, आपल्याला नाही. त्याची सोय आपण केली तर तिची किंमतही आपल्यालाच मोजावी लागेल.

जमीन पडीक का राहिली आणि पडीक असूनही तिला भाव का आला, ही गोष्ट आधी समजून घे. आपल्याकडची पेंच नदी छिंदवाडा जिल्ह्यातून येते, जंगलाच्या मधोमध वाहते, तोतलाडोहला अडते, खाली नवेगाव खैरीला पुन्हा अडते आणि तिथून नागपूरच्या नळाला येते. महाराष्ट्राच्या बाजूचं जंगल 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1999 मध्ये व्याघ्र प्रकल्प. जंगल राखलं गेलं, वाघ टिकले, आणि त्यांच्यासोबत रोही आणि रानडुकरंही. काठावरच्या शेतात हरभरा वर आला की डुकरांचा कळप एका रात्रीत त्याचा फडशा पाडतो. जागलीला माणूस मिळत नाही, कारण रात्री बांधावर वाघही येऊ शकतो. ठेक्यानं द्यावी तर कूळ लागेल ही जुन्या पिढीची धास्ती अजून गेलेली नाही. म्हणून जमीन पडून राहिली. पण सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुलीची गेटं पर्यटकांनी गजबजली ती याच वाघामुळे. जानेवारी 2024 मध्ये पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरवलं, म्हणजे आता लोक तिथला काळोखसुद्धा बघायला येतात. पिकाला नडलेला शेजार जमिनीच्या भावाला असा फळला.

त्यामुळे या पट्ट्यात एकाच जमिनीचे दोन भाव झाले आहेत. शेत म्हणून एक, आणि नदी-जंगलाजवळची जागा म्हणून दुसरा, बराच वरचा. रोखीवाल्याचा सगळा धंदा या दोन भावांच्या मधल्या फटीत चालतो. तो शेताच्या भावानं घेतो आणि जागेच्या भावानं विकतो. गंमत बघ, घेताना तो तुला सांगणार, ‘इथं बफर आहे, इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, नदीची पूररेषा आहे, काही बांधता येत नाही.’ विकताना त्याच्याच माहितीपत्रकावर ‘रिव्हर व्ह्यू फार्महाऊस’ छापलेलं असतं. त्याचं पहिलं बोलणं खोटं नसतं. पुराच्या निळ्या रेषेच्या आत बांधकाम होत नाही, आणि इको-सेन्सिटिव्ह झोनच्या अधिसूचनांमध्ये अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नव्या व्यापारी हॉटेल-रिसॉर्टना सहसा मनाई असते. पण आपला खसरा नेमका कुठं पडतो, हे मोजणी आणि झोन दाखला हातात आल्याशिवाय ना त्याला ठाऊक, ना आपल्याला. मग हे न कळण्याचा फायदा आपण त्याला का द्यायचा?

कागद अर्धवट का, हा दुसरा भाग. आपल्याकडे मालगुजारी होती, ती 1951 मध्ये संपली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. प्रत्येक वेळी हक्कांची नावं आणि नोंदवह्या बदलल्या. त्यात एकेक पिढी गेली, पण वारसान फेरफार वेळेवर झाले नाहीत. सातबारा उघडलास तर वरच्या बाजूला, नमुना सातमध्ये, भोगवटादाराच्या रकान्यात गेलेल्या माणसांची नावं अजून दिसतात. इतर हक्कांत एखाद्या सोसायटीचा बोजा, आणि खाली नमुना बारामध्ये पिकाच्या जागी ‘पड’. त्यात 9 सप्टेंबर 2005 पासून मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की त्या तारखेला वडील हयात असणं जरुरी नाही. म्हणजे तुझ्या दोन्ही आत्यांच्या सह्या लागतात. रोखीच्या सौद्यात हीच सही पहिल्यांदा गळते. बहिणीला साडी-चोळी करून हक्कसोडपत्रावर अंगठा घेणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत, आणि नोटांचा हिशेब कुठंच लिहिला जात नसल्यानं तिला कितीचा वाटा सोडायला लावला हेही पुढे कुणाला सांगता येत नाही. बँकेतून आलेल्या रकमेचे वाटे ज्याच्या त्याच्या खात्यात दिसतात. मला त्याचं कौतुक तेवढ्यासाठीच आहे.

अमेरिकेत दक्षिणेकडच्या काळ्या कुटुंबांच्या जमिनी अशाच गेल्या. वाटणी न झालेल्या जमिनीतला एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा स्वस्तात घ्यायचा, मग कोर्टात जाऊन सगळी जमीन लिलावात काढायला लावायची, ही तिथली रीत होती. त्यावर 2010 मध्ये एक आदर्श कायदा तयार झाला आणि तुमच्या जॉर्जियानंही तो स्वीकारला. पण तुमच्याकडे निदान टायटल इन्शुरन्स आहे, मालकी खोटी निघाली तर कंपनी भरपाई देते. आपल्याकडे 1908 च्या नोंदणी कायद्यानं दस्त नोंदवला जातो, मालकीची हमी सरकार देत नाही. त्यामुळे आठ दिवसांतली रजिस्ट्री ही चपळाई नसते, तपासणी टाळलेली असते. आणि तपासणीला या भागात खास कारण आहे. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर ‘झुडपी जंगल’ म्हणून लागलेली हजारो हेक्टर जमीन आहे, आणि 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती वनजमीनच मानायची असा निकाल दिला. 12 डिसेंबर 1996 पूर्वीच्या वाटपांना काही अटींवर सवलत आहे. शेजारचा खसरा झुडपी असेल आणि धुरा सरकला असेल तर आपण विकलेल्या एकरांपैकी काही एकर आपले नव्हतेच, असं उद्या निघू शकतं. तेव्हा रोखीवाला पुढच्या गिऱ्हाइकाला विकून मोकळा झालेला असेल आणि विक्रीपत्रावर नाव आपलं असेल.

आता पैशाचा मुद्दा. तू म्हणशील, रोख घेतली की कर वाचतो. कुणाचा? शहरापासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन आयकराच्या दृष्टीनं भांडवली मालमत्ता धरतच नाहीत. दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून आठ किलोमीटर, दहा हजार ते एक लाख वस्तीच्या गावापासून दोन किलोमीटर, असं ते सरळ रेषेतलं अंतर मोजतात. आपली जमीन या सगळ्याच्या पलीकडे आहे. ती शेतीची ठरली तर विक्रीवर इथं भांडवली नफ्याचा करच नाही. म्हणजे वाचवायला काही नसताना आपण लपवाछपवी करायची. उलट 2015 पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेणं मना आहे, आणि दंड घेणाऱ्याला आहे, घेतलेल्या रकमेइतका. देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांचंही उत्पन्न निव्वळ शेतीचं असेल तर सूट आहे, पण ती तुला लागू नाही, मलाही नाही. मग रोखीची निकड येते कुठून? गिऱ्हाइकाकडे आधीपासून पडलेल्या, न दाखवलेल्या पैशातून. शिवाय विक्रीपत्रात रेडी रेकनरइतकीच किंमत लिहिली की मुद्रांक शुल्क वाचतं, तेही त्याचं. नोटांच्या थप्प्या घरात ठेवणाऱ्यांची 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री काय गत झाली, ते तू तिकडून टीव्हीवर बघितलंच असशील.

इथं एक मेख आहे, ती लपवत नाही. वर्षानुवर्षं ‘पड’ लागलेली जमीन खरोखर शेतजमीन आहे का, असं आयकरवाला विचारू शकतो. म्हणून विकण्याआधी निदान एक हंगाम तूर किंवा जवस पेरून ई-पीक पाहणीत नोंद लावावी असं मला वाटतं, डुकरांनी अर्धं खाल्लं तरी चालेल. आणि इथं कर नाही म्हणून अमेरिकेत नाही असं समजू नकोस. तिथल्या रहिवाशाला जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं, आणि वारशानं आलेल्या मालमत्तेची मूळ किंमत मृत्यूच्या तारखेच्या भावानं धरतात. ती सिद्ध करायला खरा आकडा लिहिलेला कागद लागतो. नोटा घेतल्या तर दोन देशांत खोटं बोलावं लागेल. तुझा वाटा तिकडे न्यायचा तर एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत वारशाचा पैसा नेता येतो, पण बँक विक्रीपत्र आणि पैसे कुठल्या वाटेनं आले ते बघणार. बॅगेत घालून फक्त पंचवीस हजार रुपये नेता येतात. उरलेल्याची वाट हवालावाल्याकडे जाते, आणि तिथं मला तुला पाठवायचं नाही.

‘सगळाच बाजार असा चालतो, पूर्ण एक नंबरनं कोण घेणार?’ हा सगळ्यात जड आक्षेप आहे, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. पूर्ण पांढऱ्यात घेणारं गिऱ्हाईक कमी असतं, ते घासाघीस करतं, आणि बँकेचं कर्ज घेणारं असेल तर प्रत्येक फेरफाराची नक्कल मागतं. वर्ष जाईल, कदाचित दोन. भावही तोंडी सांगितला जातो त्यापेक्षा थोडा कमी दिसेल. पण तोंडी भावातून दलाली, इसाराच्या वेळची कापाकापी, ‘उरलेले रजिस्ट्रीनंतर’ म्हणून लांबवलेला हप्ता आणि दंडाची टांगती तलवार वजा करून बघ. रोखीच्या इसारचिठ्ठीत अर्धी रक्कम लिहिलेलीच नसते, त्यामुळे बुडवलेल्या हप्त्यासाठी कोर्टात जायचीही सोय राहत नाही. निकडीच्या माणसाला, घरात दुखणं आहे, मुलीचं लग्न आहे, त्याला हे ऐकवणं क्रूरपणाचं होईल. त्याला आज पैसे हवे असतात, आणि त्याच्या या नडीवरच हा बाजार उभा आहे. आपल्याला मात्र तशी नड नाही. ज्याला थांबता येतं त्यानंही नडलेल्याच्या भावानं विकावं, यात व्यवहार कुठला?

‘तोवर कुणी बळकावली तर?’ बारा वर्षं कुणी उघड कब्जा करून बसलं तर मूळ मालकाचा दावा मुदतीबाहेर जातो, हे खरं. त्यावर उपाय भूमी अभिलेखची मोजणी, खुणेचे दगड आणि वर म्हटली ती पेरणी हाच. या तीन गोष्टी विक्रीलाही लागतातच.

आणखी एक गोष्ट, जी परत फिरवता येत नाही. तू परदेशी स्थायिक, नागरिकत्व भारतीय असो की ओसीआय कार्ड, तुला शेतजमीन वारशानं मिळू शकते, विकता येते तीही भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, पण विकत घेता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. आपल्या घराचं शेतकरी असणं याच एका सातबाऱ्यावर आहे. सगळी विकली तर उद्या तुझ्या चुलत भावाला दोन एकर घ्यायचे म्हटले तरी कलेक्टरची परवानगी मागत बसावं लागेल. म्हणून माझा प्रस्ताव असा, की रस्त्याच्या बाजूचा एक तुकडा घराच्या नावावर ठेवावा. तो जिरायतीच्या वीस गुंठ्यांच्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा कमी असू नये, नाहीतर तुकडेबंदीचा घोळ. बाकीची विकावी.

त्या गिऱ्हाइकानं तुला मुखत्यारपत्राचा नमुना पाठवला असेल तर त्यावर सही करू नकोस. त्यात ‘विक्री करणे, रक्कम स्वीकारणे, ताबा देणे’ असं सगळं एकत्र असतं, आणि अशा मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच सांगितलेलं असताना लोक अजून तेच वापरतात. मी इथून वेगळा मसुदा पाठवतो, फक्त वारसान फेरफार, मोजणीचा अर्ज आणि नकला काढण्यापुरता. विक्रीचा अधिकार त्यात नसेल. तो तुमच्या अटलांटाच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठव. इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावावा लागतो, म्हणून पाठवलास की कुरिअरचा नंबर कळव. दोन्ही आत्यांना मी वाट्यांचा तक्ता दिला आहे, तुलाही सोबत जोडतो. त्यातला तुझा अपूर्णांक तपासून बघ आणि चूक दिसली तर मसुद्यावर सही करायच्या आधी सांग.

तुझा,
काका