अब्बांच्या विहिरीतल्या गारगोट्या

१९७२च्या दुष्काळात अब्बांनी घोडेगावजवळच्या आमच्या तुकड्यात विहीर खणली. पाणी लागलं ते बेताचंच, निघाल्या त्या गारगोट्या. सुरुंगाने काळा पाषाण फुटला की आत पोकळी, आणि पोकळीला चारी बाजूंनी दातांसारखे स्फटिक. अब्बांनी त्यांचा बांधावर ढीग लावला. एक ओंजळभर गड्डा तेवढा जुन्नरच्या घरी आणून कोनाड्यात ठेवला. अम्मी म्हणायची, "पैसे विहिरीत गेले आणि दगड घरात आले."

अब्बांच्या इंतकालनंतर आम्ही चौघं भावंडं, दोन भाऊ आणि दोन बहिणी, वाटणीला बसलो. जमिनीचे हिस्से शरीयतप्रमाणे ठरले, त्यात कुणाचं काही म्हणणं नव्हतं. अडलं ते त्या गड्ड्यापाशी. तो सगळ्यांनाच हवा होता. आधी स्वच्छ तरी करू, मग बघू, असं ठरलं.

आणि तिथेच आम्ही चुकलो. घाई करून संडास धुवायच्या ॲसिडमध्ये तो बुडवला. फसफस झाली, चुन्याचा थर गेला. पण स्फटिकांच्या मधे मोत्याच्या रंगाच्या ज्या नाजूक पाकळ्या होत्या, त्यांची चमकही गेली. त्या पाकळ्या स्टिलबाइटच्या, म्हणजे झिओलाइट जातीच्या. असलं ॲसिड त्यांना खातं. क्वार्ट्झला काही झालं नाही. अम्मी काहीच बोलली नाही, याचंच जास्त लागलं.

नंतर जे आधी विचारायला हवं होतं ते विचारून घेतलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपलं आणि हे स्फटिक वाढले. अब्बांच्या अंगठीतला अकीकही त्यांचाच भाऊबंद. खंबायतचे कारागीर पूर्वी अकीकाचे मणी कुरुंदाच्या भुकटीसोबत चामड्याच्या पिशवीत भरायचे आणि दोघं जण ती पिशवी इकडून तिकडे लोळवत राहायचे. आमच्या धाकट्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. त्याने एक जुनी मोटार, दोन रूळ आणि रबराचं अस्तर लावलेला डबा जोडून तेच काम विजेवर आणलं.

बांधावरच्या ढिगातून फक्त क्वार्ट्झ निवडला, तोही चीर नसलेला. टोकं शाबूत असलेले स्फटिक बाजूला ठेवले. डब्यात घातले तर त्यांची गोटी होते. माती ब्रशने गेली. गंजाच्या तांबड्या डागांसाठी ऑक्झॅलिक ॲसिड वापरलं, पण या वेळी हातमोजे घालून, अंगणात, मुलांना लांब ठेवून. ते विषारी असतं.

डबा पाऊण भरायचा, पाणी दगडांच्या जरा खालीच ठेवायचं. आधी जाड सिलिकॉन कार्बाइड, मग मध्यम, मग बारीक, शेवटी पॉलिशची पूड. प्रत्येकाला एक एक आठवडा, रात्रंदिवस. मधल्या धुण्यात आळस केला आणि जाड पुडीचा एक कण जरी मागे राहिला, तरी पुढचा आठवडा ओरखडे काढण्यात जातो. आमचा गेला. गाळ मोरीत ओतायचा नाही, तो नळीत सिमेंटसारखा बसतो. आणि घासणं नेहमी पाण्यातच. क्वार्ट्झची कोरडी धूळ फुप्फुसाचा घात करते. आवाज म्हणाल तर रात्रभर कुणी शेजारी बसून फुटाणे खातंय असा. चौथ्या दिवशी अम्मीने यंत्र परसात घालवलं.

पाचव्या आठवड्यात डबा उघडला. ओल्या दगडांवर सगळ्यांचाच विश्वास बसतो, म्हणून वाळू दिले. वाळल्यावरही चमकले. फुटके काढून ४८ उरले. अम्मी चटई टाकून बसली आणि म्हणाली, "माझा आठवा हिस्सा आधी." सहा तिने उचलले. उरलेल्या ४२ मधून भावांना चौदा-चौदा, बहिणींना सात-सात. एकही दगड कमी नाही, एकही जास्त नाही.

मग थोरलीने कोनाड्याकडे पाहिलं. अम्मी उठली, निस्तेज पाकळ्यांचा तो गड्डा ओढणीने पुसला आणि होता तिथेच परत ठेवला. "हा माझ्यामागं वाटा," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.