थॉम्पसनबाईंची चिकटवही

यंदा अकरावीला आम्हाला इतिहासाच्या तासासाठी आपल्या गावाचा इतिहास लिहायचा आहे. मी पिस्कॅटवे निवडले म्हटल्यावर बाबा म्हणाले, "इथे कसला आलाय इतिहास! इतिहास आपल्या पुण्यात." पण हे गाव वसले १६६६ साली, म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याच वर्षी. हे ऐकल्यावर बाबा गप्प बसले.

मी विषय घेतला तो मात्र इतका जुना नाही. रटगर्सच्या लिव्हिंग्स्टन कॅम्पसवर आपल्यापैकी बऱ्याच जणांचे ताई-दादा शिकतात. दुसऱ्या महायुद्धात तिथे 'कॅम्प किल्मर' नावाची लष्करी छावणी होती. जवळच्या न्यू ब्रन्सविकमध्ये जन्मलेले कवी जॉइस किल्मर १९१८ साली फ्रान्समध्ये लढताना मारले गेले. त्यांचे नाव छावणीला दिले होते. १९४२ साली छावणी सुरू झाली. युरोपला जाणारे सैनिक इथे यायचे आणि इथून न्यू यॉर्क बंदरात जाऊन बोटीत चढायचे. जाणारे आणि परतणारे मिळून पंचवीस लाखांहून जास्त सैनिक इथून गेले, असे पुस्तकात लिहिले आहे.

आकडा मिळाला, पण त्या मुलांना काय वाटत होते ते आकड्यावरून कळेना. ते शोधताना मला नॅन्सी थॉम्पसन यांची माहिती मिळाली. त्या नेवार्कच्या शिक्षक प्रशिक्षण कॉलेजात ग्रंथपाल होत्या. ते कॉलेज म्हणजेच आजचे युनियनचे केन विद्यापीठ, आपल्याकडून गाडीने साधारण अर्ध्या तासावर. कॉलेजची मुले युद्धावर गेली तेव्हा थॉम्पसनबाई त्यांना पत्रे लिहू लागल्या. मुलांची उत्तरे आली की त्यांतल्या बातम्या त्या 'सर्व्हिसमेन्स न्यूज' या वार्तापत्रातून सगळ्यांना कळवत. म्हणजे आपल्या या अंकासारखेच! आलेली पत्रे त्यांनी चिकटवह्यांमध्ये जपून ठेवली. त्या वह्या आज विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि तिथल्या ग्रंथालयाला बाईंचेच नाव आहे.

अशी वही इतिहासाला कशी उपयोगी पडते? सरकारी कागदात किती माणसे गेली ते असते. पत्रात मुलगा जेवण कसे आहे, घरची आठवण येते का, परत आल्यावर काय करायचे ते लिहितो. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सैनिकांची पत्रे आधी लष्कराचे अधिकारी वाचत, त्यामुळे आपण कुठे आहोत हे मुलांना लिहिता येत नसे. शिवाय कॉलेजच्या बाईंना आपण जसे लिहू तसे मित्राला लिहीत नाही. आणि वहीत काय चिकटवायचे ते बाईच ठरवणार. म्हणून वही वाचायची आणि शेजारी त्या काळचे वर्तमानपत्र व लष्कराचे कागद ठेवून ताडून पाहायची.

हे सगळे करताना मला आपल्या वर्गाच्या कपाटातला खोका आठवला. त्यात जुने अंक, गणेशोत्सवाचे फोटो, नाटकाच्या जाहिराती आहेत. पण बहुतेक फोटोंवर ना तारीख, ना नाव. एका फोटोत नऊवारी नेसलेल्या एक आजी मुलांना ओव्या शिकवत आहेत. त्या कोण, हे ज्या काकूंना ठाऊक होते त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या. आता ते कोणालाच सांगता येत नाही. पन्नास वर्षांनी कोणी 'पिस्कॅटवेमधली मराठी माणसे' असा प्रकल्प घेतला, तर त्याला आपला आकडा मिळेल, पण त्या आजी मिळणार नाहीत.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, माझी एक विनंती आहे. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नाव, जागा आणि वर्ष लिहा. वर्तमानपत्राचे कात्रण पिवळे पडून तुटते, तेव्हा त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा. सेलोटेप लावू नका, त्याचे डाग पडतात. आजी-आजोबा भारतात परत जाण्याआधी त्यांच्याजवळ बसून फोटोतल्या माणसांची नावे विचारून घ्या. वर्गासाठी मी एक जाड वही आणली आहे. ती बाईंच्या टेबलावर ठेवली आहे. प्रत्येकाने निदान एक पान भरावे.