पाठभेद आणि परके जीव

पाठचिकित्सा शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना एक साधे सूत्र सांगतो : दोन पोथ्यांत एकच चूक एकाच ठिकाणी आढळली, तर त्यांची मूळ प्रत एक असण्याचा संभव मोठा. भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती पोथ्यांच्या अशाच तौलनिक अभ्यासातून. समुद्रातील परक्या एकपेशीय जीवांचा माग काढणारे शास्त्रज्ञही जनुकांचे पाठभेदच जुळवीत असतात हे वाचनात आले, आणि समुद्रापासून दूर सोलापुरात राहणाऱ्या आम्हांला हा विषय आपला वाटू लागला.

रिकामे जहाज तोल राखण्यासाठी एका बंदरात पाणी भरून घेते आणि दुसऱ्या बंदरात माल चढविताना ते सोडून देते. त्या पाण्याबरोबर सूक्ष्म जीव महासागर ओलांडतात. काहींचे सुप्त कोश टाकीतल्या गाळात दीर्घकाळ तग धरतात. या प्रश्नावरील आंतरराष्ट्रीय प्रकल्पासाठी 2000 साली जी सहा ठिकाणे निवडली गेली, त्यांत मुंबई होती. तिथल्या बंदरातील जीवांची पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली. जहाजांतील या पाण्याविषयीचा 2004 चा करार 8 सप्टेंबर 2017 रोजी अमलात आला.

केवळ रूपावरून ओळख पटविणे मात्र फसवे ठरते. स्वीडनच्या गुलमार फ्योर्डमध्ये आढळलेला एक कवचधारी एकपेशीय जीव प्रथम प्रशांत महासागरातील 'नोनिओनेल्ला स्टेला' असावा असे मानले गेले. पुढे त्याच्या डीएनएतील ठरावीक भागाची अक्षरमाला कॅलिफोर्नियाच्या 'स्टेला'शी ताडून पाहिली, तेव्हा तो निराळा निघाला. हस्ताक्षर सारखे, पाठ वेगळा!

या पद्धतीच्या मर्यादाही आम्हांला ओळखीच्या वाटतात. ज्याची नोंद संग्रहात नाही, त्याचे नाव लागत नाही. मेलेल्या पेशीचा डीएनएही काही काळ पाण्यात उरतो. जनुके नाते सांगतात. जीव केव्हा आला आणि त्याने काय बिघडविले, याचा पुरावा अन्यत्र शोधावा लागतो. म्हणूनच शास्त्रज्ञ 'परका', 'आक्रमक' आणि 'मूळ अनिश्चित' हे शब्द एकमेकांत मिसळू देत नाहीत.

लक्ष्मण माने यांच्या 1980 च्या आत्मकथनानंतर 'उपरा' हा शब्द मराठी वाचकाला सहजपणे उच्चारता येऊ नये. आमच्या शहराच्या पूर्वभागात घरी तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांच्या मुलांना वर्गात कुणी 'बाहेरचे' म्हटले की आम्ही अस्वस्थ होतो. माणसांना समुद्रजीवांची उपमा देणे आम्हांला मान्य नाही. परंतु शब्द वापरण्याची ती शिस्त घेण्याजोगी आहे : येणे ही एक गोष्ट, हानी करणे ही दुसरी, आणि पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही.